कवायत आणि कायदा

२६ जानेवारीचं संचलन टीव्हीवर बघायचं ही आमच्या घरातली जुनी सवय. २०२४ सालच्या संचलनाला शेजारचे सुभेदारसाहेब आमच्याकडेच चहाला होते. साताऱ्याजवळच्या एका गावचे, मराठा लाइट इन्फन्ट्रीतून निवृत्त झालेले. त्यांच्याबरोबर संचलन बघणं हा एक अनुभव असतो. आपण चित्ररथ बघत असतो, ते पाय बघतात. उजव्या हाताचं बोट गुडघ्यावर ठेका धरत असतं आणि एखाद्या तुकडीतल्या एखाद्याचा हात जरा खाली राहिला की "गेला!" असं हळूच पुटपुटतात.

त्या वर्षी फ्रान्सची तुकडी आली होती, त्यांच्या फॉरिन लीजनची. ती पडद्यावर दिसली आणि सुभेदारसाहेबांचं बोट थांबलं. ठेका जुळेना. "हे एवढं सावकाश का चालत्यात?" त्यांनी विचारलं. मी कुठंतरी वाचलेलं सांगितलं, की लीजनची चाल मिनिटाला ८८ पावलांची असते, बाकीच्या फ्रेंच फौजेची १२० च्या आसपास. म्हणूनच पॅरिसला १४ जुलैच्या संचलनात लीजनवाले पायदळात सगळ्यांच्या शेवटी येतात. नाहीतर मागच्यांना त्यांच्या टाचांवर चढावं लागेल! यावर ते हसले. मग एकदम गंभीर होऊन म्हणाले, "बघा, पण ठरलेलं हाय ना त्यांचं? सावकाश तर सावकाश. आमच्या दाव्याचं तसं न्हाई. त्याला चालच न्हाई."

त्यांचा बांधाचा दावा एका दिवाणी कोर्टात कैक वर्षं चालू आहे. (चालू म्हणजे काय ते तुम्हाला कळलं असेलच.) "फौजेत पाऊल ठरलेलं असतं, मग कोर्टात का नसावं?" हा त्यांचा साधा प्रश्न माझ्या डोक्यात बरेच दिवस घोळत राहिला. त्यातून जे वाचन झालं, ते इथे मांडतोय.

सुरुवात शब्दापासूनच करतो, कारण शब्दातच एक गंमत सापडली. 'कायदा' हा अरबीतून फारसीमार्गे आपल्याकडे आलेला शब्द. मूळ अर्थ नियम. त्याचं अरबी अनेकवचन 'कवाइद', म्हणजे नियम, आणि त्याचंच आपण केलं 'कवायत'. म्हणजे परेड ग्राउंडवरची कवायत आणि कोर्टातला कायदा हे एकाच घरातले सख्खे भाऊ. एक पायांना नियम लावतो, दुसरा माणसांच्या भांडणाला. दोघांचे स्वभाव मात्र भलतेच वेगळे निघाले.

आधी पायांचं बघू. पावलात पाऊल टाकून चालणं हे काही माणसाला उपजत येत नाही. रोमनांनंतर युरोप ते जवळजवळ विसरला होता. सोळाव्या शतकाच्या अखेरीस हॉलंडच्या मॉरिस नावाच्या राजपुत्रानं शिपायांना बंदूक भरण्याच्या एकेका हालचालीची घोकंपट्टी करायला लावली आणि कवायत पुन्हा सुरू झाली. तिथून ती देशोदेशी गेली आणि प्रत्येक देशानं तिला आपला रंग दिला. प्रशियानं गुडघा न वाकवता पाय ताठ उचलायची चाल काढली. ती पुढे रशियात गेली, चीनमध्ये गेली, पार दक्षिण अमेरिकेत चिलीपर्यंत पोचली. इंग्रजांनी ती कधीच घेतली नाही. त्यांची साधी चाल मिनिटाला १२० च्या जवळपास, आणि हलक्या पायदळाची व रायफल पलटणींची १४०. सलामीचंही तेच. इंग्रजी भूसेनेचा तळवा समोर दिसतो, अमेरिकन तळवा खाली झुकतो. आपल्याकडे तर एकाच देशात तीन तऱ्हा आहेत: भूसेनेचा तळवा समोर, नौदलाचा खाली आणि हवाई दलाचा २००६ पासून मधल्या कोनात.

आपल्याकडे ही कवायत आली कशी? शिवकाळातला मावळा पावलात पाऊल टाकत नव्हता. त्याचं काम डोंगर चढण्याचं आणि अचानक कोसळण्याचं. पुढे अठराव्या शतकात फ्रेंचांच्या हाताखाली तयार झालेले गारदी आले. पानिपतावर १७६१ साली इब्राहिमखान गारदी मराठ्यांच्या बाजूनं शेवटपर्यंत लढला. मग महादजी शिंद्यांनी द बॉयन या सरदाराकडून कवायती कंपू उभे केले. १७९५ च्या खर्ड्याच्या लढाईत तर शिंद्यांच्या कवायती पलटणी एका बाजूला आणि निजामाच्या दुसऱ्या बाजूला, आणि दोन्हींना शिकवणारे फ्रेंचच! म्हणजे कवायत ही चीज विकत घेता येते, उसनी घेता येते, शत्रूकडूनही शिकता येते. चांगला उस्ताद असला तर काही महिन्यांत पोरं तयार होतात. त्यासाठी शिकवणाऱ्याच्या देशावर प्रेम असावं लागत नाही.

पुढे इंग्रजी अमलात सातारा-सांगलीच्या गावागावांतली पोरं पलटणीत गेली. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावातले ४६ जण पहिल्या महायुद्धात कामी आले. गावाला 'अपशिंगे मिलिटरी' असंच म्हणतात. आणि १४ जुलै २००९ रोजी पॅरिसच्या संचलनात भारतीय तुकड्या पुढे होत्या, त्यांत मराठा लाइट इन्फन्ट्रीची तुकडी होती. पानिपताच्या वेळी फ्रेंच वळणाची कवायत आपल्याकडे, आणि जवळजवळ अडीचशे वर्षांनी फ्रान्सच्या राजरस्त्यावर आपली पोरं इंग्रजी वळणाच्या चालीत! इतिहास कुठून कुठे फिरतो बघा.

आता दुसरा भाऊ, कायदा. पेशवाईतला न्यायनिवाडा आजच्यासारखा नव्हता. वकिलांचा धंदा असा नव्हता. वादी-प्रतिवादी आपापली तकरीर म्हणजे हकिकत लिहून देत. पंच नेमताना दोघांची संमती लागे आणि दोघांकडून आधीच लिहून घेत, की पंच जो निवाडा देतील तो आम्ही राजी होऊन मान्य करू. या कागदाला म्हणत 'राजीनामा'. आज हा शब्द नोकरी सोडण्यापुरता उरलाय! वर जामीन द्यावे लागत. पुरावा कमी पडला तर बेलभंडारा उचलायचा, नाहीतर दिव्य करायचं, उकळत्या तेलातून धातूचा तुकडा काढण्यापर्यंत. जिंकणाऱ्याकडून सरकार हरकी घेई. या सगळ्याच्या वर रामशास्त्री प्रभुण्यांसारखा माणूस बसलेला असे तेव्हा शोभा होती. ते माहुलीचे, साताऱ्याजवळचेच. तसा माणूस नसला की पंचायत सावकाराच्या किंवा पाटलाच्या ओसरीवर जाऊन बसे. एल्फिन्स्टननं १८१९ च्या आपल्या अहवालात या पंचायतींच्या दिरंगाईबद्दल लिहिलंय, आणि तरीही त्या टिकवाव्यात असंच त्याचं मत होतं. टिकल्या नाहीत, तो भाग वेगळा.

त्यांच्या जागी आलं इंग्रजी कोर्ट. त्याची रीत समजून घ्यायला क्रिकेट बरं पडतं. इंग्रजी न्यायाधीश हा क्रिकेटचा पंच. अपील झाल्याशिवाय बोट वर करायचं नाही. दोन्हीकडचे वकील खेळणार, साक्षीदाराची उलटतपासणी घेणार आणि पंच नियम सांभाळणार. फ्रान्स, जर्मनी, पोर्तुगाल या देशांत तसं नाही. तिथे न्यायाधीश स्वतः प्रश्न विचारतो, आधी तयार झालेलं दप्तर त्याच्यापुढे असतं. आपल्या शेजारच्या गोव्यात १९६१ पर्यंत ही पोर्तुगीज रीत होती. कुठली चांगली यावर त्या देशांतले जाणकार आजही वाद घालतात. पण एक गोष्ट दोन्हीकडे कसोशीनं पाळली जाते: ज्यानं गुन्ह्याचा तपास केला तो निकाल देणाऱ्यांत बसत नाही. फ्रान्समध्ये तपास करणारा न्यायाधीशच असतो, पण खटला ऐकायला दुसरे बसतात.

शब्दांची आणखी एक गंमत. पलटणीतले आपले शब्द युरोपी भाषांतून आलेले: पलटण, परेड, कप्तान. पहारेकऱ्याचं 'हुकुमदार' म्हणजे तर 'हू कम्स देअर'! कोर्टातले शब्द मात्र फारसी-अरबीच राहिले: वकील, फिर्याद, दावा, जामीन, तारीख. रीत इंग्रजी आणि शब्द जुने. शपथेचं तसंच. गंगाजल आणि कुराणावरची शपथ १८४० च्या कायद्यानं बंद झाली, तरी सिनेमातल्या कोर्टात गीतेवर हात ठेवणं काही थांबलं नाही! म्हणजे पलटणीत गेलेल्या माणसानं ती आतून पाहिली, तिचे शब्द घरी आणले. कोर्ट मात्र त्यानं कायम बाहेरून पाहिलं, स्टॅम्प आणि वकिलाची फी मोजत.

पण इंग्रजी कोर्टाबद्दल आपल्याकडे जो अविश्वास बसला, त्याचं कारण फीच नव्हे. साताऱ्यापुरतं बोलायचं तर एक मोठं प्रकरण त्याच्या मुळाशी आहे, छत्रपती प्रतापसिंह महाराजांचं.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी प्रतापसिंहांना साताऱ्याच्या गादीवर बसवलं, १८१९ मध्ये तह केला. माणूस कर्तबगार. मग संशय सुरू झाले. १८३६ साली आरोप आला, की महाराजांनी २३ व्या पलटणीतल्या दोन देशी अंमलदारांना फितवण्याचा प्रयत्न केला. (आरोपाच्या मुळाशी कवायती पलटणच, बघा.) चौकशीला तीन गोरे अधिकारी बसले: लॉडविक, ओव्हान्स आणि विलोबी. चौकशी गुप्त होती. पुढे गोव्याच्या पोर्तुगीजांशी संधान बांधल्याचा आरोप जोडला गेला. ओव्हान्स रेसिडेंट झाला आणि पुरावा गोळा करायचं कामही त्याच्याच हाती आलं. महाराज मागत राहिले, की सगळा पुरावा माझ्यापुढे उघड मांडा, मला उत्तर देऊ द्या. ते झालं नाही. १८३९ मध्ये त्यांच्यापुढे कागद ठेवला गेला: चूक कबूल करून सही करा, गादी राहील. त्यांनी सही केली नाही. गादी गेली, काशीला रवानगी झाली आणि १८४७ मध्ये तिथेच ते वारले.

त्यांचे वकील रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले आणि १८५३ पर्यंत, जवळपास चौदा वर्षं, तिथे कंपनीच्या दारात बसले. अर्ज, सभा, छापील पत्रकं, इंग्रज पाठीराखे, सगळं केलं. मागणी काय, तर तुमच्या देशात साध्या चोरालाही जी सुनावणी मिळते ती आमच्या राजाला द्या. मिळाली नाही. महाराज गेले आणि १८४८ मध्ये साताऱ्याचं राज्यही खालसा झालं, तरी हा माणूस तिथेच होता. १८५७ मध्ये साताऱ्यात उठावाच्या तयारीत त्यांचा हात होता. ते निसटले ते कायमचेच, आणि त्यांच्या मुलाला इंग्रजांनी साताऱ्यात फासावर दिलं. चार भिंतींवर फिरायला जाणाऱ्यांना तिथला स्मृतिस्तंभ ठाऊक असेल.

हे प्रकरण वाचताना मला सगळ्यात जास्त लागलं ते हे, की रंगो बापूजींचा इंग्रजांच्या रीतीवर विश्वास इंग्रजांपेक्षा जास्त होता. इंग्रजांनी आपली कवायत इथे जशीच्या तशी आणली, पाऊल एक इंचही कमी केलं नाही. कायदा आणताना मात्र जिथे गैरसोयीचा वाटला तिथे तो बोटीवरच ठेवला.

आता शंभर वर्षं पुढे येऊ, कारण या दोन भावांची पुन्हा गाठ पडली ती इथेच. १९४२ च्या चळवळीनंतर सातारा जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहिलं आणि १९४६ पर्यंत चाललं. तेव्हा आजच्या सांगली जिल्ह्याचा मोठा भाग साताऱ्यातच होता. दक्षिण सातारा १९४९ मध्ये वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळालं. प्रतिसरकारचं बळ याच दक्षिण भागात जास्त: कुंडल, वाळवा, येडेमच्छिंद्र. या सरकारची स्वतःची फौज होती, तुफान सेना. जी. डी. बापू लाड, कॅप्टन भाऊ अशी माणसं तिच्यात होती. ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ रेल्वे अडवून सरकारी रक्कम काढून घेतली ती याच लोकांनी.

सैन्य म्हटलं की कवायत आली. ती कुठून आणायची? वाळव्याकडे नागनाथअण्णा नायकवडींच्या गटाला आझाद हिंद सेनेतले नानकसिंग आणि मनसासिंग शिक्षण द्यायला आले होते. आझाद हिंद सेनेनं हुकूम हिंदुस्तानीत द्यायला सुरुवात केली होती, कारण इंग्रजी हुकमावर इंग्रजांशी लढायचं हे त्यांना रुचणारं नव्हतं. पण पाऊल? ते या लोकांनी ब्रिटिश हिंदी फौजेतच शिकलेलं. शब्द बदलले, चाल तीच. आणि कुणालाही त्यात वावगं वाटलं नाही. हे नानकसिंग फेब्रुवारी १९४६ मध्ये मणदूरजवळ पोलिसांशी झालेल्या चकमकीत किसन अहिरांबरोबर मारले गेले. पंजाबातला माणूस, आमच्या वारणेच्या खोऱ्यात पडला.

फौजेची चाल प्रतिसरकारनं अशी बिनदिक्कत उचलली, पण न्यायाच्या बाबतीत इंग्रजी रीतीचं काहीही घेतलं नाही! न्यायदान मंडळं गावातच बसत. वकील नाही, स्टॅम्प नाही, तारीख नाही. दोघांना समोरासमोर उभं करायचं, गावाला विचारायचं, निकाल द्यायचा. सावकाराकडे अडकलेल्या जमिनी, भावकीची भांडणं, टाकलेल्या बायका, असे किती तरी तंटे मिटले. गावाला खरं-खोटं माहीत असतंच. कोर्टात ते शाबीत करायला जन्म जातो. इथे ते एका रात्रीत व्हायचं. लोकांना हे सरकार आपलं वाटलं त्याचं मोठं कारण हे न्यायदान होतं.

आणि शिक्षा? तीही सर्वांना माहीत आहे. खबरे, गुंड, बायकांना छळणारे यांच्या तळपायांवर काठीचा मार. 'पत्री सरकार' हे नाव त्यावरूनच पडलं. घोड्याला नाल मारतात तसे पायाला पत्रे ठोकतात, अशी वदंता पसरली. पत्रे ठोकत नव्हते, काठ्या मारत होतो, असं त्या वेळच्या कार्यकर्त्यांनी पुढे स्पष्ट सांगितलं आहे. भूमिगतांकडे तुरुंग कुठून असणार? आणि ज्या खबऱ्यामुळे माणसं पकडली जात, मारली जात, त्याला सोडून कसं चालणार? हे सगळं मला पटतं. तरी एक प्रश्न मनातून जात नाही. मार खाल्लेल्यांत एखादा निर्दोष असला तर त्यानं कुठे जायचं? वर अपील नव्हतं. आरोप ठेवणारे, तपास करणारे आणि निकाल देणारे बहुतेक वेळा एकाच गटातले.

इथे मी थोडा दचकलो, कारण १८३६ च्या त्या गुप्त चौकशीत आपल्याला राग येतो तो याच गोष्टीचा. दोन्ही सारखीच होती, असं मला बिलकूल म्हणायचं नाही. एका बाजूला बलाढ्य कंपनी, तिच्या मायदेशी उत्तम कोर्टं, आणि तरी बंद दाराआड चौकशी. दुसऱ्या बाजूला डोक्यावर बक्षिसं लागलेली, रानात झोपणारी पोरं, आणि निवाडा निदान गावासमोर. पण खुर्चीवर बसलेल्या माणसाला समोरच्याचं ऐकून घ्यायला भाग पाडणारं काहीतरी असावं लागतं, तो माणूस कितीही भला असला तरी. भल्या माणसाच्या भलेपणावर न्याय सोडायचा तर प्रत्येक गावाला एक रामशास्त्री हवा. तेवढे मिळत नाहीत.

सुभेदारसाहेबांच्या प्रश्नाचं मला सापडलेलं उत्तर असं: कवायतीत एक हुकूम देतो आणि शंभर जण तोच अर्थ घेतात, कुणी मध्येच "पण माझं ऐका" म्हणत नाही. म्हणून ती मिनिटात मोजता येते आणि या देशातून त्या देशात सहज नेता येते. कोर्ट नेमकं त्या "पण माझं ऐका"साठीच असतं. तिथला वेळ हा समोरच्याला बोलू देण्याचा वेळ आहे. तो काढून टाकला की उरते ती १८३६ ची चौकशी.

हे मी मोठ्या उत्साहानं त्यांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजे गेली इतकी वर्षं कोर्ट माझं ऐकतंय म्हणायचं?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. कारण खरं तर कुणीच ऐकत नाहीये. तारखेला जायचं, पुढची तारीख घेऊन यायचं. जुलै २०२४ पासून फौजदारी कायद्यांची नावं बदलली, कलमांचे आकडे बदलले. दिवाणी कोर्टाचा व्हरांडा आहे तसाच आहे. न ऐकता झटपट निकाल हा अन्याय, तसंच न ऐकता नुसता वेळ काढणं हाही अन्यायच. पहिला साताऱ्याच्या राजाच्या वाट्याला आला, दुसरा सुभेदारसाहेबांच्या वाट्याला आलाय. न्यायदान मंडळाच्या आठवणी अजून कुंडल-वाळव्याकडे प्रेमानं सांगितल्या जातात, त्याचं कारण आता मला जास्त कळतं.

असो. परवा सुभेदारसाहेबांची तारीख होती. मी सोबत गेलो होतो. व्हरांड्यात बसायला जागा नव्हती, म्हणून ते भिंतीला टेकून उभे होते, ताठ, टाचा जुळवलेल्या. दुपारी पुकारा झाला, समोरचे वकील आले नव्हते, पुढची तारीख मिळाली. बाहेर पडताना त्यांनी ती वहीत लिहून घेतली आणि एसटी स्टँडकडे चालायला लागले. त्यांच्या चालीनं चालताना मला धाप लागली.